रेघ कुठे ओढायची

मेंदूतल्या गाठीला रेडिएशन द्यायचे ठरले की आमचे पहिले काम असते ते स्कॅनवर रेघ ओढण्याचे. किरण कुठवर जाणार, हे या रेघेवर ठरते. या कामातून माझे एक मत पक्के होत गेले आहे: चांगल्या इमेजिंगचा मोठा लाभ गाठीवर जास्त मारा करण्यात नाही, गाठीभोवतीचा धड मेंदू वाचवण्यात आहे. हे सहज पटत नाही. यंत्र जितके अचूक तितकी गाठ जास्त जळणार, असा साधा हिशेब बहुतेकांच्या मनात असतो.

ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या अतिघातक गाठीचे पाहा. 2005 पासून रूढ असलेला उपचार म्हणजे शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांत 30 बैठकांमध्ये 60 ग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसचे एकक) आणि सोबत टेमोझोलोमाइड हे केमोथेरपीचे औषध. कोणत्या ऊतीत किती किरण शोषले जातील हे सीटीवरून काढता येते, गाठ मात्र नीट दिसते एमआरआयमध्ये. म्हणून दोन्ही चित्रे संगणकावर एकावर एक बसवावी लागतात. कॉन्ट्रास्टने उजळलेला भाग म्हणजे अख्खी गाठ, असे मात्र नव्हे. रक्त आणि मेंदू यांच्यातला पडदा जिथे गळका झाला आहे, तेवढीच ती जागा. न्यूरोसर्जन पॅट्रिक केली यांच्या 1987 च्या अभ्यासात उजळलेल्या भागाच्या बाहेर, एमआरआयच्या टी-2 चित्रात नुसती सूज वाटावी अशा ठिकाणीही गाठीच्या सुट्या पेशी सापडल्या. म्हणून दिसणाऱ्या कडेबाहेर मार्जिन सोडायचे. युरोपात ते 20 मिलिमीटर असे, 2023 च्या मार्गदर्शनात 15 वर आले. फरक किरकोळ वाटतो, पण चार सेंटिमीटर व्यासाची गोल गाठ धरून गणित केले तर किरणांखालचा भाग सुमारे 268 घन सेंटिमीटरवरून 180 वर येतो. पाच मिलिमीटरांत एक तृतीयांश!

यावर पहिला आक्षेप ठरलेला: पेशी बाहेर पसरलेल्या असताना मार्जिन कमी करणे म्हणजे गाठीला मोकळे रान देणे नाही का? पण ग्लायोब्लास्टोमा उलटतो तेव्हा बहुतेक वेळा मूळ जागेच्या दोन सेंटिमीटरांच्या आतच, म्हणजे पूर्ण डोस मिळालेल्या भागात उलटतो. मग तिथला डोस वाढवा, असे कोणी म्हणेल. 60 ग्रेच्या वर जाऊन पाहिलेले आहे. आयुष्य वाढल्याचा खात्रीचा पुरावा हाती आला नाही. पेशी काय शोषून घेतात ते दाखवणाऱ्या पेट स्कॅनचेही तेच. मेंदू स्वतःच ग्लुकोजवर चालत असल्याने नेहमीचा, ग्लुकोजवर आधारलेला एफडीजी पेट इथे फारसा कामाचा नाही. अमिनो आम्लांवर आधारलेला एफईटी पेट गाठ खरोखरच जास्त स्पष्ट दाखवतो. तरीही उलटलेल्या ग्लायोब्लास्टोमाला पुन्हा रेडिएशन देताना पेटवरून आखावे की एमआरआयवरून, याची जी चाचणी जर्मनीत झाली, तिच्यात पेटची सरशी झाली नाही.

आता दुसरी बाजू. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये 3 ते 25 वयाच्या, सौम्य किंवा मंद वाढणाऱ्या गाठींच्या 200 रुग्णांवर एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 2017 मध्ये आले. डोस दोन्ही गटांना 54 ग्रे. फरक एवढाच की एका गटाला रेडिएशन नेहमीच्या पद्धतीने दिले आणि दुसऱ्याला गाठीच्या आकाराला घट्ट बसणाऱ्या स्टिरिओटॅक्टिक पद्धतीने. जगण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. पण पाच वर्षांत नव्याने हार्मोन बिघडण्याचे प्रमाण नेहमीच्या पद्धतीत 51 टक्के होते, घट्ट आखणीत 31. बुद्ध्यांकही त्याच गटात अधिक टिकला. शाळेत जाणाऱ्या मुलासाठी हा फरक जन्मभराचा आहे. घट्ट आखणी चांगल्या चित्रांशिवाय होत नाही, म्हणून इमेजिंगवरच्या खर्चाचे समर्थन मी करतो ते या आकड्यांवर.

सगळ्यात वजनदार आक्षेप मात्र वेगळाच आहे, आणि तो मला मान्य आहे: आखणी जितकी तंग, तितकी चूक महाग. सैल मार्जिन दोन-तीन मिलिमीटरांची गफलत पोटात घालते, तंग मार्जिन घालत नाही. डोके स्थिर ठेवणारा मास्क ढिला बसला, दोन चित्रे नीट जुळली नाहीत, शस्त्रक्रियेनंतरची पोकळी आकसली आणि आखणी जुन्याच एमआरआयवर झाली, तर वाचवायच्या भागाऐवजी गाठच रेघेबाहेर राहते. तेव्हा पेट परवडत नाही म्हणून हळहळणाऱ्या लहान केंद्रांना मी एवढेच सांगेन की आधी एमआरआयचे काप एक मिलिमीटरचे घ्या, आणि तो एमआरआय रेडिएशन सुरू होण्याच्या दोन आठवड्यांच्या आतला असू द्या.