शुद्ध केलेली वही

बमरोलीत राहणाऱ्या माणसाला जुने काढून नवे बसवण्याचे नवल वाटू नये. आमच्या गल्लीच्या दोन्ही अंगांना यंत्रमागांची खाती आहेत. पूर्वी सगळीकडे धोट्याचे माग असत. १९९९ साली केंद्र सरकारची तांत्रिक उन्नयन निधी योजना आली, यंत्रासाठी काढलेल्या कर्जाच्या व्याजाला हातभार मिळू लागला आणि एकेका खात्यात बिनधोट्याचे वॉटरजेट व रॅपियर माग दिसू लागले. जुने माग वजनावर भंगारात गेले. धोटा गेला म्हणजे त्यातली कांडी गेली, आणि कांडी गेली म्हणजे कांडी भरणारे हातही रिकामे झाले. नवे यंत्र आले की आधी काय काय अनावश्यक ठरते, हे मी असे दारात उभे राहून पाहिलेले आहे. तरीही ती पाळी माझ्या टेबलावर आली तेव्हा मी गांगरलो.

मी या खात्यांचे हिशेब घरी बसून लिहितो. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हापासून संगणकावाचून माझी चूल पेटत नाही असे म्हटले तरी चालेल. या संगणकावर विंडोज १० ही प्रणाली होती. तिचे नेहमीचे सुरक्षा-साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. लोकांचे हिशेब असलेले यंत्र असे उघड्यावर ठेवणे मला योग्य वाटेना. पण विंडोज ११ त्यावर बसेना. त्या प्रणालीला टीपीएम २.० नावाचा सुरक्षा-घटक लागतो आणि तो माझ्या म्हाताऱ्या यंत्रात नव्हता. शेवटी नवा संगणक घेतला. दुकानातल्या मुलाने तासाभरात सगळे हिशेब इकडून तिकडे नेले आणि विचारले, "अंकल, अजून काही राहिले?"

राहिले होते. 'माय' नावाच्या एका कप्प्यात साठेक पाने होती.

आमचे घराणे खानदेशातले. वडील तापीकाठच्या रेल्वेने उधन्याला उतरले आणि मागावर लागले. माय अहिराणी बोले. तिला अक्षरओळख नव्हती. २००३ च्या दिवाळीत ती आजारी होती. रात्री झोप येत नसे, तेव्हा ती सांगे आणि मी संगणकावर टंकून घेई. आखाजीला माहेरी आलेल्या पोरींची गाणी, कानबाईच्या रोटांचा विधी, शेतातल्या कामांची नावे, असे ते सारे होते. बहिणाबाई चौधरींची गाणी त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी जपली, म्हणून १९५२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, पुस्तकरूपाने आली. हे मी शाळेत शिकलो होतो. आपणही काहीसे तसेच करीत आहोत, अशी एक गोड समजूत मनात होती. माय २००६ मध्ये गेली.

ती पाने नव्या संगणकावर उघडली तर रोमन अक्षरांचा नुसता उकिरडा दिसला. याचे कारण सोपे आहे. त्या काळी आपण ज्या फॉन्टांत मराठी टंकत असू, त्यांपैकी बहुतेकांत देवनागरी केवळ मुखवटा होता. यंत्राच्या पोटात रोमन अक्षरांचेच क्रमांक साठत आणि फॉन्ट त्यांवर मराठी आकार चढवी. फॉन्ट नाही तर मुखवटा नाही. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. फॉन्ट कोणताही असो, 'क' हा 'क'च राहतो. ही सोय १९९१ पासून होती. मला ती ठाऊक नव्हती, एवढेच.

मुलाने जुना फॉन्ट नव्या यंत्रावर चढवून दिला आणि पाने पूर्ववत दिसू लागली. मी तेवढ्यावर थांबलो असतो. पण हौसेने एक पान धुळ्याच्या आक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, फोनवर धाडले. तिच्या नातवाने वाचून सांगितले, "आजी, हे इंग्रजीसारखे आहे, पण इंग्रजी नाही." मग मात्र ठरवले, की पाने युनिकोडमध्येच न्यायची.

रूपांतर करणारी आज्ञावली मिळते. ती बरेचसे काम करते, पण सगळे नाही. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकावी लागे, कारण ती डोळ्यांना आधी दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठते. या अदलाबदलीत कित्येक वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसल्या आणि रफार भलत्याच डोक्यावर चढले. माझी मुलगी गुजराती माध्यमात शिकलेली. तरी ती चुका शोधायला बसली. थोड्या वेळाने तिने विचारले, "पप्पा, इथे 'काया बैल' आहे. काया म्हणजे शरीर ना? यंत्राने चूक केली का?"

चूक नव्हती. अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो. काळा तो काया, डोळा तो डोया, उन्हाळा तो उन्हाया. यंत्राची चूक कोणती आणि आजीची भाषा कोणती, हे तिला कळायला मार्ग नव्हता. म्हणून मी रोज रात्री आक्काला फोन लावू लागलो. मी एकेक ओळ वाचायची आणि तिने ऐकायची, असा क्रम ठरला.

पहिले काही दिवस बरे गेले. मग एका ओळीशी ती थांबली. "नही रे भाऊ, माय आशी नही बोले." ओळीत 'काळा' होते. मी पुढचे पान वाचले; तिथे 'पाणी' होते, माय 'पानी' म्हणे. त्यापुढे 'उन्हाळा'. वेलांट्या सगळ्या जागच्या जागी होत्या. यंत्राने जे मिळाले ते इमानाने आणले होते. ते शब्द बदलले होते मी, २००३ च्या त्या रात्रींत. मराठी शाळेत घोटलेला 'ळ' आणि 'ण' यांचा मला अभिमान होता. छापायला द्यायचे म्हणजे शुद्ध हवे, असेही वाटत असावे. माय समोर बोलत होती आणि मी तिचे बोलणे दुरुस्त करीत होतो. सुरुवातीच्या पानांवर 'काया' टिकला, कारण तेव्हा मला वेळ नव्हता. पुढे सवड मिळाली आणि शुद्धी वाढत गेली.

फॉन्ट हरवला असता तर तो कुठेतरी सापडला असता. हे हरवलेले सापडण्याची एकच जागा होती, ती म्हणजे आक्काचा कान. आणि आक्का आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. मी तिला सगळे सांगितले. ती रागावली नाही. "वाच पुन्हा पहिल्यापासून," एवढेच म्हणाली.

दोन महिने लागले. गाणी तिला चालीसकट आठवत होती, त्यामुळे तिथले शब्द आपोआप परत आले. चालीत 'काळा' बसतच नसे. साध्या बोलण्यातले मात्र सगळे परतले नाही. सतरा ठिकाणी तिलाही खात्री देता आली नाही. अंदाजाने तिथे अहिराणी रूप घालणे सोपे होते, नियम मला ठाऊक आहे. पण ती दुसऱ्यांदा केलेली दुरुस्तीच झाली असती. म्हणून ते सतरा शब्द तसेच ठेवले आहेत. प्रत्येकापुढे एक फुली आहे आणि शेवटच्या पानावर तिचा खुलासा आहे: 'हा शब्द मुलाचा आहे, मायचा नाही.'