नकाशातून पुसलेला देश

क्राकूवहून वॉर्सॉला ट्रेननं निघालात, तर अडीच तास खिडकीबाहेर काय दिसतं माहितीये? शेतं. मग आणखी शेतं! दक्षिणेला तात्राचे डोंगर, उत्तरेला बाल्टिक समुद्र आणि मधे बराचसा देश सपाट. पोलंड या नावाचं मूळही ‘पोले’ म्हणजे शेत या शब्दात असल्याचं मानतात. मी आपली कंटाळून गाणी ऐकत बसले. या सपाटपणानंच पोलंडचा घात केलाय, हे तेव्हा कुठे माहीत होतं?

पूर्वेकडून किंवा पश्चिमेकडून सैन्य आलं, तर अडवायला मधे डोंगरच नाही. त्यात शेजारी तगडे. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियानं १७७२ ते १७९५ या काळात तीन घासांत अख्खा देश गिळला. मग १९१८ पर्यंत, म्हणजे तब्बल १२३ वर्षं, स्वतंत्र पोलंड नकाशावर नव्हताच.

वॉर्सॉच्या ओल्ड टाऊनमध्ये पोचले आणि कंटाळा पळाला. रंगीत घरं, दगडी फरसबंदी, चौकात मांडलेली कॉफीची टेबलं... कॅमेरा खाली ठेववेना. मग त्याच चौकाचा जुना फोटो पाहिला. नुसता विटांचा ढीग! १९४४ मध्ये वॉर्सॉनं नाझींविरुद्ध उठाव केला. ६३ दिवसांनी तो मोडला आणि नाझींनी शहर ठरवून जमीनदोस्त केलं. ओल्ड टाऊनचा ८५ टक्क्यांहून जास्त भाग उद्ध्वस्त झाला. युद्धानंतर लोकांनी तो पुन्हा बांधला, अठराव्या शतकात बेलॉत्तो या चित्रकारानं रंगवलेली शहराची चित्रं समोर ठेवून. म्हणजे ही ‘जुनी’ घरं माझ्या आजोबांपेक्षा लहान! खरं सांगू? क्षणभर फसवल्यासारखं वाटलं.

तिथून थोडं चाललं की फ्रेता रस्ता लागतो. इथल्या १६ नंबरच्या घरात १८६७ साली मारिया स्क्लोदोव्स्का जन्मली. आपली मादाम क्युरी! तेव्हा इथं रशियाचं राज्य होतं. १८९८ मध्ये पॅरिसमध्ये नवं मूलद्रव्य सापडलं, तेव्हा क्युरी दांपत्यानं त्याला नाव दिलं पोलोनियम. नकाशावर नसलेल्या देशाचं नाव!

मग त्या घरांचा राग उरला नाही. पुसलेलं पुन्हा लिहायची या लोकांना सवयच आहे. संध्याकाळी एका साध्या खाणावळीत पिएरोगी खाल्ल्या. बटाटा आणि चीजचं सारण भरलेल्या, उकडलेल्या करंज्याच म्हणा ना.

तुम्ही वॉर्सॉला गेलात, तर ओल्ड टाऊनला ‘नकली’ म्हणून नाक मुरडू नका. आधी तो विटांच्या ढिगाचा फोटो बघा. मग चौकात एक कॉफी मागवा आणि निवांत बसा.