सनईची पत्ती

उसाचे बेणे तोडताना कोयता निर्जंतुक करा, हे मी विस्तार अधिकारी म्हणून गावोगाव सांगत आलो. गेल्या लग्नसराईत मात्र मीच चुकलो. आमच्या गावचे सनईवाले घसादुखीने, तापाने आडवे झाले. सुपारी घेतलेली. मीच त्यांच्या मुलाला म्हणालो, "बाबांची सनई घे अन् वाजव." चार दिवसांनी पोरगाही तापला. घरातल्या खोकल्यानेही ते झाले असेल; पण ती ओली पत्ती त्याच्या तोंडी मीच दिली होती.

थुंकीने भिजलेल्या पत्तीवर जंतू टिकतात. म्हणून पत्ती ज्याची त्याची असावी. वाजवून झाली की पुसून, वाळवून ठेवावी. दुखण्यात वापरलेली टाकून नवी बसवावी. आता बेण्याच्या बैठकीत कोयत्याबरोबर मी पत्तीचेही सांगतो.