पाच आणे चार पै

भाचीनं आमच्या तिघींचे हिस्से संगणकात भरले आणि बेरीज आली ९९.९९. प्रत्येकीच्या नावावर ३३.३३ टक्के. "राउंडिंग आहे ते मावशी, सोड गं," असं ती म्हणाली. सोडायचं कसं? आमच्या बेळगाव भागात हातभर बांधासाठी भाऊ-भाऊ कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात, आणि ही घराचा दहा हजारावा भाग बिनमालकाचा ठेवायला निघालेली.

मग मी तिला आण्यांचा हिशेब सांगितला. जुन्या कागदांवर हिस्सा आणे-पैत लिहीत. सगळी मिळकत म्हणजे एक रुपया, १६ आणे. आण्याचे १२ पै, म्हणजे रुपयाचे १९२. त्याला तिनानं नेमका भाग जातो : ६४ पै, पाच आणे चार पै. तिघींची बेरीज चोख रुपया. पाच भाऊ असले की हाही हिशेब अडतो म्हणा, पण आम्ही तिघीच. भाचीनं पै काही घेतले नाहीत. टक्के मात्र काढून टाकले आणि अंश नि छेद असे दोन रकाने केले. आता तिच्या प्रोग्रॅममध्ये तिसरा हिस्सा तिसराच राहतो, आणि उद्या तो चार मुलांत वाटला तर बारावा होतो. कुठं काही सांडत नाही.

ती करते आहे ते काम असं : चार ओळखीची माणसं मिळून घर किंवा प्लॉट घेणार असली, तर कुणी किती घातले, कौलं कुणी परतली, घरपट्टी कुणी भरली, कुणाला बाहेर पडायचं झालं तर काय, हे सगळं एका जागी राहावं. मोठ्या शहरांत ऑफिसच्या इमारतींचे तुकडे विकणारे प्लॅटफॉर्म आहेत. त्यांच्यासाठी सेबीनं मार्च २०२४ मध्ये नियम आणले. त्या चौकटीत १० लाखांच्या खाली गुंतवणूक करता येत नाही. पण तिथल्या हिस्सेदारानं इमारतीचा जिना कधी चढलेला नसतो. आम्हाला घरात राहायचंय. मी, माझ्या वन्स आणि शाळेतली माझी मैत्रीण. तिघी पेन्शनवाल्या, टिळकवाडीतलं एक जुनं कौलारू घर. भाचीला तपासून बघायला माणसं हवीच होती, आम्ही आयत्या सापडलो.

घराचे नियम लिहायला अर्धा तास लागला. मैत्रीण मासे खाते, म्हणून तिचं स्वयंपाकघर माडीवर. आम्ही दोघी दिवस बुडायच्या आत जेवतो, तिला नऊ वाजल्याशिवाय भूक लागत नाही. भांडण नाही. कागदांनी मात्र दोन महिने खाल्ले.

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आमचा जिल्हा मुंबई राज्यात होता. त्यामुळं या घराचे जुने खरेदीखत मराठीत, त्याच्याही आधीचा कागद मोडीत, आताचा खाता कन्नडमध्ये आणि आधार कार्डावर इंग्रजी. विकणाऱ्याच्या आजोबांचं नाव चार कागदांवर चार तऱ्हेचं. प्रोग्रॅमनं सांगितलं, मालक चार आहेत. पुण्या-बंगळूरकडं बसून प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला हे कधी सुचलं नसतं. भाची इथली, तिनं 'हेच नाव दुसऱ्या लिपीत' असा रकाना घातला आणि त्याच्यापुढं 'कुणी खात्री केली' हाही. मोडी वाचायला मात्र माणूसच लागला.

वकिलांकडं गेलो तेव्हा खरा प्रश्न समोर आला. आपल्याकडं पुष्कळांना वाटतं की दोघांच्या नावावर घर असलं की मागं राहिलेल्याला ते आपोआप मिळतं. तसं नाही. ज्याचा त्याचा हिस्सा ज्याच्या त्याच्या वारसांकडं जातो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात ४४ वं कलम आहे. एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा कुणी परक्यानं विकत घेतला, तरी त्याला त्या घरात येऊन राहण्याचा हक्क सांगता येत नाही. चांगलं आहे की! पण ते कुटुंबासाठी. मैत्रीण म्हणजे कुटुंब नव्हे, आणि तिघी बायकांनी मिळून घर करावं ही कल्पना १८८२ सालच्या कुणाच्या डोक्यात असणार? आमच्यातल्या एकीचा हिस्सा उद्या कुणी तिऱ्हाईतानं घेतला, तर तो सरळ माजघरात ट्रंक आणून टेकवेल. कायदा जिथं गप्प आहे तिथं आपला करार बोलला पाहिजे.

आणि वन्सचं तर त्याहून अवघड. त्या चोविसाव्या वर्षी विधवा झाल्या, मूल नाही. सासरच्यांनी महिन्याभरात एका पेटीसकट माहेरी आणून घातलं. नंतर सुतकालासुद्धा कळवलं नाही. पुढं त्यांनी डी.एड. केलं, पस्तीस वर्षं मुलींना शिकवलं. हे त्यांचे पैसे. भाचीनं प्रोग्रॅममध्ये वारसांचा क्रम घातला होता : नवरा, मुलं, मग आई-वडील, मग भावंडं. वकील म्हणाले, हा क्रम पुसा. हिंदू वारसा कायदा, १९५६. तो आम्हा जैनांनाही लागू. त्याच्या १५ व्या कलमात बाईच्या वारसांत आधी मुलं आणि नवरा, ते नसतील तर नवऱ्याचे वारस, आणि त्यांच्यानंतर तिचे आई-बाप. आई-वडिलांकडून वारशानं आलेलं असेल तर मूल नसलेल्या बाईचं ते माहेरी परततं. पण स्वतः कमावलेलं? ते सासरी. सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये, सासरनं हाकलून दिलेल्या एका विधवेच्या बाबतीत, हेच कायम केलं.

वन्स काही बोलल्या नाहीत. रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, "मग मला घर नको. भाड्यानं बरी आहे मी. त्या दिराच्या पोरांना माझं पाच आणे चार पै?"

त्यांनी परिग्रह-परिमाणाचं व्रत घेतलेलं आहे. आपल्याकडं परिग्रहाची यादी सुरूच होते क्षेत्र आणि वास्तू यांनी. त्यांनी वास्तूची मर्यादा एक अशी घातलेली, आणि आजवर त्यांच्या नावावर एक खोलीसुद्धा नव्हती. मर्यादा पुरी न वापरताच आयुष्य गेलं, असं त्या हसून सांगतात. त्यांना नको म्हणू देणं मला पटेना.

उपाय साधा होता, मृत्युपत्र. साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदार लागतात, नोंदणीची सक्ती नाही. पण द्यायचं कुणाला? आम्हाला देऊन उपयोग नाही, आम्ही त्यांच्याच वयाच्या. भाचीला द्यावं तर जिनं करार लिहिला तिचंच नाव, बरं दिसत नाही. ती स्वतःच नको म्हणाली. शेवटी त्यांनी मुलींच्या एका वसतिगृहाचं नाव घातलं. म्हणजे आमच्या घरात एक संस्था हिस्सेदार होणार! म्हणून करारात कलम घातलं : कुणीही गेली किंवा बाहेर पडली, तर उरलेल्यांना तो हिस्सा विकत घ्यायचा पहिला हक्क, किंमत दोन मूल्यमापकांच्या सरासरीची, पैसे द्यायला अठरा महिने. मैत्रिणीचा मुलगा म्हणाला अठरा महिने फार झाले, सहा करा. मैत्रीण म्हणाली, "तुझ्या सोयीनं मरायचं का मी?" अठराच राहिले.

भाचीनं आता वारसांचा रकानाच काढून टाकलाय. त्याच्या जागी प्रश्न आहे, 'मृत्युपत्र केलं आहे का?', आणि 'नाही' म्हटलं तर पुढचं पान उघडत नाही. तिच्या ओळखीचे लोक म्हणतात, असं अडवलंस तर गिऱ्हाईक पळून जाईल. पळू दे, ती म्हणते. खाली आणखी एक प्रश्न आहे : 'मूळ कागद कुठे ठेवला आहे?' वन्सनी मृत्युपत्र सब-रजिस्ट्रारकडं नोंदवलंय, नक्कल तिथं आहे. तरी त्या रकान्यात त्यांनी एका बोटानं, चष्मा सरसावत, टाइप केलं : 'सांगणार नाही.'

भाचीनं तो रकाना ऐच्छिक केला.