'नाही'चीही नोंद

वाचकहो, शेतकऱ्याच्या पोराला झाड बघायला काय शिकवायचं, असंच मला वाटायचं. मी गावातल्याच शाळेत शिकवतो. पण झाड बघणं म्हणजे काय, हे मला सातवीतल्या एका मुलीनं शिकवलं. त्याची ही हकिगत.

आपल्या देशात २०१० साली 'सीझनवॉच' नावाचा उपक्रम सुरू झाला. त्यात एक झाड निवडायचं, दर आठवड्याला त्याच झाडापाशी जायचं आणि पालवी, फुलं, फळं किती आहेत ते कळवायचं. केरळातल्या शाळांनी यात मोठा वाटा उचलला. अशा नोंदी वर्षानुवर्षं साठल्या, की हवामान बदलतं तशी झाडांची फुलण्याची वेळ सरकते का, हे शास्त्रज्ञांना तपासता येतं. गावोगावच्या झाडापाशी दर आठवड्याला ते कुठून पोचणार? तिथं मुलंच हवीत.

आमच्या मुलांसाठी असंच काही मराठीतून करावं, असं मनात आलं. दिवाळीत पुतण्या घरी आला होता. तो संगणकातला जाणता. ओसरीवर बसून आम्ही एक साधी वेबसाइट तयार केली. त्यात झाडाचं नाव, तारीख आणि तीन खुणा ठेवल्या: पालवी दिसली, मोहोर दिसला, फळ दिसलं. घरच्या मोबाइलवर खूण केली, की नोंद झाली.

पौषात पाहतो तर विहिरीवरच्या आंब्याची चार आठवडे नोंदच नाही. मी त्या मुलीला सगळ्या वर्गादेखत बोललो, "घराजवळचं झाड, तेवढंही बघवत नाही?"

तिनं मान खाली घातली. मग दप्तरातून वही काढली. "गुरुजी, दर रविवारी जाते. पण काही दिसलंच नाही, तर खूण कुठं करायची?" वहीत चार तारखा होत्या. प्रत्येकीपुढं लिहिलं होतं, 'काही नाही.'

मी गप्प झालो. चूक माझी होती. पाऊस मोजणारा कोरड्या दिवशीही शून्य लिहितो. रकाना मोकळा सोडला, तर पाऊस नव्हता की मोजणाराच गेला नव्हता, हे पुढं कसं कळावं?

त्याच रात्री पुतण्याला फोन केला. त्यानं चौथी खूण घातली: 'पाहिलं, काही नाही.' दुसऱ्या दिवशी वर्गादेखतच मी त्या पोरीची माफी मागितली. पुढच्या रविवारी आंब्यावर मोहोर दिसला. तो त्याच आठवड्यात फुटला, हे आम्ही छातीठोक सांगू शकलो, ते तिच्या त्या शेवटच्या 'काही नाही'मुळं.

तेव्हा वाचकहो, तुमचं पोर बांधावरून येऊन "काही नाही" म्हणालं, तर त्याला रागावू नका. तारीख घालून तेवढंच लिहायला सांगा. ते बघून आलंय, हे काही थोडं नाही.