अर्जातला शेवटचा तक्ता

एका कंपनीच्या १८ लाखांच्या अनुदानाची माहितीपत्रिका हातात पडली त्या रात्री मला झोप लागली नाही. इंदापूर तालुक्यातल्या एका गायरानावर आम्ही तीन वर्षं वर्गणीच्या पैशांत पवन्या आणि मारवेल ही गवतं परत आणत होतो. कंपनीच्या अटी मी पुन्हा पुन्हा वाचल्या. विषय बसत होता, कंपन्यांचा सामाजिक निधी (सीएसआर) घ्यायला लागणारी सीएसआर-१ नोंदणी होती, ग्रामसभेचा ठरावही होता.

मग अगदी शेवटी अहवालाचा तक्ता दिसला. किती रोपं लावली, किती जगली, प्रत्येक रोपाचा जिओटॅग केलेला फोटो. गवताला रकानाच नव्हता.

सहकारी म्हणाले, कडेकडेने दोन हजार झाडं लावू, उरलेल्या पैशांत गवताचं काम करू. मलाही मोह झाला. पण ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, खाली मुरूम, वर वीतभर माती. तिथे झाडं जगवायची म्हणजे खड्डे, टँकर, कुंपण, उरणार काय? आणि सावली दाटली की उन्हातली गवतं हटतात. धाविक, चंडोल हे पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. ग्लिरिसिडियाच्या झाडांनी भरलेल्या टेकड्या मी पाहिल्या आहेत. लांबून हिरव्यागार, पण आत जनावराने तोंड लावावं असं फार थोडं. माळाला 'पडीक' म्हटलेलं मला आजही टोचतं.

मेंढ्या घेऊन आलेल्या धनगर मामांना सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "कुंपण पडल्यावर आमची मेंढरं कुठनं जायाची?"

कंपनीतल्या मॅडमना फोन केला. रोपांऐवजी एक मीटरच्या चौकटीत गवताच्या किती जाती आल्या, किती जमीन झाकली गेली, ते मोजून देऊ म्हटलं. त्यांनी मनापासून ऐकलं. पण रोपांचा आकडा वरून ठरून आला होता, आणि खर्च ३१ मार्चच्या आत दाखवायचा होता. आमचं बी पिकतं दिवाळीच्या सुमाराला, पेरलं जातं पुढच्या जूनच्या पावसावर. चालू प्रकल्प म्हणून मंजुरी असेल तर सीएसआरचा कायदा पुढची तीन आर्थिक वर्षं देतो. हे काम मात्र त्यांनी एका वर्षाचंच धरलं होतं.

अर्ज भरला नाही. दोघा राखणदारांचा तीन महिन्यांचा पगार तेव्हा थकला होता. त्यांना हे सांगायला गेलो, तो दिवस मी विसरलेलो नाही. त्यानंतर कुठलीही योजना आली की मी रकमेच्या आधी तो शेवटचा तक्ता काढून बघतो.

त्या नोव्हेंबरात गावातल्या बायकांनी पवन्याची कणसं खुडून ओच्यात भरली. दोन पोती बी झालं. राखणदारही आले होते.