ताईच्या गाडीतला फोन

2 जून
ताईचा फोन आला की आधी वारा ऐकू येतो, मग ती. एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्यात मोबाईल. गडहिंग्लज, आजरा, पुढे आंबोलीकडचा वळणांचा रस्ता. पशुवैद्याचा फोन कधी थांबत नाही. पाऊस लागायच्या आत तिच्या गाडीत हँड्सफ्री बसायलाच हवं.

3 जून
गाडी जुनी, टेप साधा. माझ्या दुकानात रास्पबेरी पाय 4 पडून आहे. तोच गाडीचा कॉम्प्युटर. नकाशा, गाणी, फोन, सगळं त्यावर. सात इंची पडदा डॅशबोर्डवर नीट बसला.

5 जून
आज नुसतं वायरिंग. पिवळी वायर थेट बॅटरीची, लाल किल्लीवरची. इंजिन चालू असताना 14 व्होल्टच्या आसपास, पायला हवेत 5. कन्व्हर्टर लावला. स्टार्टर मारला की पडद्यावर विजेची खूण, म्हणजे 4.63 च्या खाली गेलं. जाड वायर ओढली, मोठा कन्व्हर्टर घातला. खूण गेली.
किल्ली काढल्यावर लगेच वीज तुटता कामा नये, मेमरी कार्ड जातं. आधी कॉम्प्युटर रीतसर बंद, मग वीज. त्यासाठी रिले.

8 जून
मोबाईल पेअर झाला. गाणी सुरेख. कॉल मुका.

9 जून
गाणी आणि कॉल ब्लूटूथवर वेगळ्या वाटांनी जातात. एरवी आपण कॉम्प्युटरला हेडसेट जोडतो. इथे कॉम्प्युटरनेच हेडसेट व्हायचं आणि कॉल मोबाईलच्या ताब्यात राहणार. लिनक्सवर हे काम ओफोनो करतो. टाकला.
रात्री मोबाईल आणि कॉम्प्युटरमधले निरोप वाचत बसलो. मोबाईल म्हणतो ‘रिंग’. आपण ‘एटीए’ पाठवलं की कॉल उचलला. जुन्या टेलिफोन मोडेमचे हुकूम, अजून तेच चालतात. झोप उडाली आनंदाने.

10 जून
कॉल लागतो, आवाज नाही. पायवरची ब्लूटूथ चिप कॉलचा आवाज आपल्या वेगळ्या पिनांकडे पाठवत होती. एका हुकुमाने तो कॉम्प्युटरकडे वळवला. ताई स्पीकरवर बोलली!

12 जून
आपल्याला स्वच्छ ऐकू येतं, पलीकडच्याला नाही. ताईच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याला फोन लावून पाहिला. म्हणाले, “हिरीतनं बोलल्यागत येतंय. आन् माझंच मला परत ऐकू येतंय.”
स्पीकरमधला त्यांचा आवाज माईकमध्ये शिरून त्यांच्याकडेच परत जातो. प्रतिध्वनी कापणारं मोड्यूल चालू केलं. माईक डॅशबोर्डवरून काढला, तिथे एसीची हवा थेट लागते. समोरच्या काचेशेजारच्या खांबावर, ताईच्या तोंडाच्या रोखाने लावला. लोक स्पीकरवर पैसे घालतात. हँड्सफ्रीत खरं काम माईकचं.

13 जून
कॉलसाठी 8 किलोहर्ट्झऐवजी 16 चं कोडेक चालू झालं. ‘स’ आणि ‘श’ आता वेगळे कळतात. औषधांची नावं सांगायची असतात, फरक पडतो.

15 जून
ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमध्ये शीळ. अल्टरनेटरची. पाय, ॲम्प्लिफायर, माईक, सगळ्यांचं अर्थिंग एकाच बोल्टवर घेतलं. शीळ बंद.

17 जून
ताई गाडी घेऊन गेली.

20 जून
पाऊस लागला. रात्री ताईचा फोन. आवाज वेगळाच. म्हटलं, काही बिघडलं का? “नाही रे, झकास चालतंय. म्हैस अडली होती, गडी ओढायला निघाले होते. ओढू नका, मी येतेय म्हणून सांगितलं, शब्द न् शब्द त्यांना कळला.” मग थोडी थांबली. “पण फोन ठेवला आणि बघते तर गवसे गाव मागे गेलेलं. कधी गेलं, आठवेना.”

21 जून
दुकानात लक्ष लागलं नाही.
2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये हातात धरलेलं उपकरण आलं. हँड्सफ्रीचा तिथे उल्लेख नाही. पण युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2001 सालीच प्रयोगांतून दाखवलं होतं की बोलणाऱ्याचं रस्त्यावरचं लक्ष उडतं. मोबाईल हातात असो की नसो, सारखंच.
म्हणजे माईक कितीही चांगला बसवा.

23 जून
जीपीएस जोडला. गाडी चालत असेल तर कॉम्प्युटर स्वतः कॉल उचलेल, ताईच्या आवाजात सांगेल: “मी गाडी चालवतेय. थांबून लगेच फोन करते.” मग ठेवेल. आवाज तिच्या स्वयंपाकघरात रेकॉर्ड केला, मागे कुकरची शिट्टी आहे. राहू दे. चालत्या गाडीत पडद्यावर नंबरांची यादीही दिसणार नाही.
ताई चिडली. “तेवढ्यात जनावर गेलं तर?” मी म्हटलं, कॉल आल्याचं कळेल, गाडी बाजूला घे आणि लाव. मिनिटाचं काम. गप्प बसली. वायर काढ म्हणाली नाही.

27 जून
एक म्हातारबाबा रेकॉर्डिंगशीच बोलले म्हणे. “बरं बरं, सावकाश या.”

30 जून
ताई आता थांबून बोलते. फोन करणाऱ्यांनाही विनंती आहे: गाव, जनावर आणि काय झालंय ते एका दमात सांगा आणि फोन ठेवा. डॉक्टर रस्त्यावर असतात.